लॅपटॉप मिटा, ठेका धरा!

दिवसभर ऑफिसात लॅपटॉप. येता-जाता मोबाइल. जेवताना टीव्ही. आणि मग रात्री साडेदहाला 'आता जरा स्वतःसाठी काहीतरी करू' म्हणून आपण उघडतो काय? तर परत तोच लॅपटॉप! म्युझिक सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत टीम लीडरचा मेसेज टपकतो, मग काहीतरी अपडेट मागतं, कोपऱ्यात कुठल्याशा सेलची जाहिरात लुकलुकत असते. बारा वाजतात. आणि गाणं? 'वीकएण्डला बघू.'

ही आपल्यातल्या बऱ्याच जणांची स्टोरी आहे. कुणी कॉलेजात असताना फिरोदियाला ड्रम्स बडवलेले असतात, कुणी पथकात ताशा गाजवलेला असतो, कुणी हॉस्टेलच्या बाकावर थापा मारत मित्राच्या रॅपला बीट दिलेला असतो. पुढे नोकरी लागते, ईएमआय लागतो आणि हातातला ताल टेबलावर बोटं वाजवण्यापुरता उरतो. तेही मीटिंगमध्ये, माइक म्यूट आहे ना याची खात्री करून!

अशा पब्लिकसाठी बाजारात एक सॉलिड चीज आहे. स्टँडअलोन बीट मशीन. म्हणजे कॉम्प्युटरशिवाय अख्खं गाणं बनवणारा डबा. प्रकार डझनभर, किमती खिशाला भोक पाडणाऱ्या आणि यूट्यूबवरचा प्रत्येक जण आपल्याच डब्याची आरती ओवाळणारा. तेव्हा 'सर्वात भारी कुठला?' हा प्रश्न आज बाजूला ठेवूया. तुमचं गाणं अडतं कुठे आणि तिथे कुठला डबा उपयोगी पडेल, एवढंच बघूया.

डब्यात असतं काय?

बेसिक फंडा सोपा आहे. प्रत्येक डब्यात तीन गोष्टी असतात. एक, सॅम्पलर : बाहेरचा कुठलाही आवाज रेकॉर्ड करून त्याचे तुकडे करणारा. दोन, पॅड : ते तुकडे बोटांनी वाजवायची रबरी बटणं. तीन, सीक्वेन्सर : तुम्ही कुठल्या क्षणी कुठलं बटण दाबलंत हे लक्षात ठेवून तसंच्या तसं पुन्हा वाजवणारा. शिवाय इफेक्ट्स असतात, काहींमध्ये सिंथेसायझरचे आवाजही. हेडफोन लावा आणि सुरू व्हा.

पण इथेच एक ट्रॅप आहे, तो आधी सांगते. अगदी अश्शीच दिसणारी, तश्शीच सोळा पॅड असलेली स्वस्त यंत्रंही मिळतात. ती असतात 'कंट्रोलर'. कॉम्प्युटर जोडला नाही तर ती मुकी! अकायच्या 'एमपीसी' नावाच्या कुटुंबात 'एमपीसी स्टुडिओ' हा असाच कंट्रोलर आहे. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची 'माशीन एमके थ्री' कॉम्प्युटर मागते, तर २०२० मध्ये आलेली 'माशीन प्लस' एकटी चालते. एबलटनचा 'पुश थ्री' तर एकाच नावाने दोन प्रकारांत येतो, आतल्या प्रोसेसरसह आणि त्याशिवाय. सेकंड हॅण्ड घेताना 'पुश थ्री आहे, अर्ध्या किमतीत देतो' असं कुणी म्हणालं, तर नाचायच्या आधी कुठला, ते विचारा.

आपल्याला हे नवीन नाही

'हे सगळं फॉरेनच्या लोकांचं' असं कुणी म्हणालं, तर त्यांना गाण्याच्या क्लासची आठवण करून द्या. कोपऱ्यात ठेवलेली ती बेंगळुरूच्या रॅडेलची 'तालमाला' काय होती? स्टँडअलोन बीट मशीनच की! ताल निवडा, लय फिरवा, रियाज करा. हळदीला आणि गणपतीला बेंजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात वाजणारं रोलंडचं 'ऑक्टापॅड' हासुद्धा त्याच घराण्यातला मेंबर.

आणि सगळ्यात भन्नाट किस्सा तर मुंबईचा आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं छोटं यंत्र. त्यावर त्यांनी डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले आणि त्याची रेकॉर्ड निघाली. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. टीबी-३०३ हे यंत्रही मुळात एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ म्हणून बनवलं होतं. ते खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या ग्रुपने त्याच फेल गेलेल्या यंत्राचे कान पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढला आणि अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर पोहोचला. २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. तोच वळवळता आवाज, पाच वर्षं आधी आणि तोही मुंबईत! २०१५ मध्ये ते गेले. त्याआधी त्यांना उशिरा का होईना, दाद मिळाली.

यंत्र कुणासाठी बनलं आणि त्यातून काय निघालं, याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. हे लक्षात ठेवून आता दुकानात शिरूया.

एमपीसी : फुल्ल थाळी

सोळा पॅड, चार बाय चारची चौकट. आज सगळीकडे दिसणारी ही रचना रुळवली ती १९८८ च्या अकाय एमपीसी-६० ने. डिझाइन रॉजर लिन यांचं. या माणसाची दुसरी कमाल म्हणजे 'स्विंग'. यंत्राचा ठेका एकदम सरळसोट असतो, म्हणून त्यांनी प्रत्येक दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायची सोय केली. ५० टक्के म्हणजे अंतर अगदी समान, ६६ च्या आसपास गेलात की ठेका तिनाच्या चालीत डुलायला लागतो. तबलजी ज्याला 'वजन' म्हणतात, त्याचं आकड्यातलं भाषांतर!

डेट्रॉइटच्या जे डिलाचा ठेका तर थोडा लडखडत, माणसासारखा चालतो. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

आजच्या एमपीसीत सात इंची टचस्क्रीन, सिंथेसायझर, ऑडिओ ट्रॅक, मिक्सर असं सगळं आहे. 'एमपीसी वन प्लस' (२०२३) हा त्यातला खिशाला त्यातल्या त्यात परवडणारा. मात्र त्याला बॅटरी नाही, प्लग शोधावा लागतो. 'लाइव्ह टू' (२०२०) आणि 'लाइव्ह थ्री' (२०२५) यांत बॅटरीही आहे आणि स्पीकरही. आणखी एक, वन प्लसला थेट माइक लावायची सोय नाही. गाणाऱ्याला मध्ये प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागेल, हा खर्च बजेटमध्ये धरा.

प्लस पॉइंट : गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत इथेच पूर्ण होऊ शकतं. मायनस पॉइंट : मेन्यू. थाळीत बावीस वाट्या असल्या की आधी काय खायचं तेच कळत नाही. ज्याला लॅपटॉपपासून पळायचं आहे, त्याला चार दिवसांत वाटू शकतं, 'अरे, हा तर दुसरा लॅपटॉपच!'

एसपी-४०४ : हात मोकळा

रोलंडचा एसपी-४०४ आला २००५ मध्ये. 'एमके टू' ही आजची आवृत्ती २०२१ ची. वजन साधारण एक किलो, सहा पेन्सिल सेलवर चालतो, पॉवर बँकवरही चालतो. माइक किंवा गिटार थेट लावता येते. एका प्रोजेक्टमध्ये १६० सॅम्पल मावतात.

याची खरी गंमत इफेक्ट्समध्ये आहे. आवाज जुन्या तबकडीसारखा खरखरीत करा, टेप ओढल्यासारखा ताणा, अडकलेल्या कॅसेटसारखा तोतरा करा, सगळं वाजवता वाजवता. 'स्किप बॅक' नावाचं एक बटण तर टाळ्या घेणारं आहे. रेकॉर्डिंग सुरू नसतानाही तुम्ही नुकतंच जे वाजवलंत, ते हा डबा आठवून देतो. 'अरे यार, काय मस्त जमलं होतं, रेकॉर्ड करायचं राहिलं' हे दुःख संपलं!

कमतरता? लांबलचक गाण्याची मांडणी करणं, सूर रचणं ही याची खासियत नाही. बटणांची कॉम्बिनेशन्स पाठ करावी लागतात, आधी शिफ्ट, मग हे, मग ते. पण एकदा बोटांत बसलं की डोळे मिटून वाजवाल.

डिजिटॅक्ट : शिस्तीचा मास्तर

स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचा डिजिटॅक्ट २०१७ मध्ये आला आणि 'डिजिटॅक्ट टू' २०२४ मध्ये. इथे पॅड बडवणं दुय्यम. खाली आठ-आठ बटणांच्या दोन रांगा, प्रत्येक बटण म्हणजे ठेक्यातली एक पायरी. कुठल्या पायरीवर काय वाजणार ते तुम्ही मांडायचं. आणि प्रत्येक पायरीला वेगळं वागवता येतं. तिसरा ठोका जरा खालच्या सुरात, सातवा चार आवर्तनांतून एकदाच, नववा पन्नास टक्के वेळाच. त्यामुळे लूप तोच असूनही दर वेळी थोडा वेगळा ऐकू येतो. नव्या आवृत्तीत १६ ट्रॅक, स्टिरिओ सॅम्पल आणि १२८ पायऱ्यांपर्यंतचे पॅटर्न आहेत. बॅटरी मात्र नाही.

एक्सेल शीटमध्ये रमणाऱ्यांना हा लगेच आवडतो. टोमणा नाही, कौतुक आहे! पण ज्यांच्या हातातच ताल आहे, त्यांना चौकटीत ठोके भरणं म्हणजे हजेरीपट भरण्यासारखं वाटू शकतं.

ईपी-१३३ आणि मूव्ह : खिशातली वही

स्टॉकहोमच्या टीनेज इंजिनिअरिंगचा 'ईपी-१३३ के.ओ. टू' (२०२३) दिसतो कॅल्क्युलेटरसारखा. अकाउंट्समधल्या माणसाच्या टेबलावर ठेवला तर कुणाला संशयही येणार नाही. चार ट्रिपल-ए सेल, आत माइक, आत स्पीकर. मेमरी सुरुवातीला फक्त ६४ एमबी होती. एका बऱ्या फोटोइतकी! पण त्यातच मजा आहे. जागा कमी म्हणून निर्णय लवकर होतात.

एबलटनचा 'मूव्ह' (२०२४) त्यापेक्षा जरा सिरियस. ३२ पॅड, चार ट्रॅक, माइक, स्पीकर आणि चार तासांपर्यंत चालणारी बॅटरी. इथे कल्पना टिपायची आणि नंतर कॉम्प्युटरवरच्या 'लाइव्ह' या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पूर्ण करायची, अशी योजना. म्हणजे ज्याचं काम लाइव्हमध्ये आधीच चालू आहे, त्याच्यासाठी हा बेस्ट. चारच ट्रॅक कमी वाटतील, पण ढोलकी, टाळ, बेस आणि एक सूर : मोजा बरं. झाले चार!

सहा मात्रांची टेस्ट

रिव्ह्यूमध्ये सहसा न येणारा एक मुद्दा. ही यंत्रं मुळात चार-चारच्या हिशोबात जन्मलेली. सोळा पॅड, सोळा पायऱ्या. आपला कहरवा त्यात आरामात बसतो. पण कोळीगीतांचा तो सहाच्या अंगाने झुलणारा ठेका? दादरा? सात मात्रांचा रूपक?

एमपीसीत सीक्वेन्सचं टाइम सिग्नेचर बदलता येतं. सहा-आठ करा, सात-आठ करा, मेट्रोनोमही तसाच चालतो. डिजिटॅक्टमध्ये प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. एकीकडे बारा पायऱ्यांचा दादरा, दुसरीकडे सोळा पायऱ्यांचा बेस. दोघं आपापल्या चालीने फिरतात आणि ४८ पायऱ्यांनंतर बरोब्बर एकत्र समेवर येतात. कानाला काय गुदगुल्या होतात म्हणून सांगू! एसपीवर दुसरा मार्ग : अख्खं आवर्तन हाताने वाजवून रेकॉर्ड करा आणि त्याचंच सॅम्पल लूप करा. यंत्राच्या मात्रा मोजायची भानगडच नको.

कुठलाही डबा घ्या, डेमोमध्ये सेल्समन हिपहॉप ऐकवेल. तुम्ही म्हणा, 'दादा, सहा मात्रांचं काहीतरी वाजवून दाखवता का?' पुढच्या पाच मिनिटांत यंत्राबद्दलही कळेल आणि सेल्समनबद्दलही.

आवाज कुठून आणायचा?

डब्यासोबत हजारो रेडिमेड आवाज येतात. जगातल्या प्रत्येक ग्राहकाकडे तेच असतात. म्हणून ठाण्याच्या एका मैत्रिणीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. बँकेत आहे, रोजची लोकल, रोजचे टार्गेट. तिचे वडील तरुणपणी ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचे. आता संधिवाताने बोटं आखडली आहेत, सलग दोन मिनिटंही वाजवता येत नाही. गेल्या दिवाळीत तिने बोनसमधून एसपी-४०४ घेतला. रोज रात्री जेवण झालं की बाबा एकच ठोका मारतात. कधी चाट, कधी थाप, कधी घुमारा. एकच. हळू, मग जोरात. ती रेकॉर्ड करते, एका पॅडवर ठेवते. सलग वाजवणं त्यांना शक्य नाही, पण सुटा ठोका अजून कडक पडतो. दोन महिन्यांत तीन बँक भरल्या. आता ती ठेका जुळवते आणि बाबा शेजारी बसून चुका काढतात, 'घाई करू नकोस, घुमाऱ्याला जागा दे.'

या कामाला एसपी का जमला? थेट माइक लागतो, पॅडवर लगेच आवाज येतो आणि बाबांना स्क्रीन बघावी लागत नाही. डिजिटॅक्टच्या बारीकसारीक सेटिंग्जमध्ये ते पहिल्याच रात्री झोपले असते. पण समजा हाच ठेका घेऊन उद्या तिला पूर्ण गाणं उभं करायचं असेल, तर तेव्हा एमपीसीसारखा डबा कामी येईल. डबा भारी की हलका, हे कामावर ठरतं.

रेडिओवरचं जुनं गाणं उचलून लूप करणार असाल तर मात्र थोडं थांबा. गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो आणि चाल-शब्दांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातली चाल मोकळी झालेली असेलच असं नाही. घरात ऐकायला काहीही करा, पण नेटवर टाकायच्या आधी परवानगीचं बघा. नाहीतर घरातला खलबत्ता, कुकरची शिट्टी, जिन्यातली लिफ्ट आहेच. त्यांचा कॉपीराइट कुणी मागत नाही.

खिसा, बॅग आणि शेजारी

बाजारात आले तेव्हाचे अमेरिकेतले भाव साधारण असे : ईपी-१३३ २९९ डॉलर, मूव्ह ४४९, एसपी एमके टू ५००, एमपीसी वन प्लस ६९९, डिजिटॅक्ट टू ९९९ आणि एकटा चालणारा पुश थ्री १,९९९. भारतात येईपर्यंत त्यावर ड्युटी, टॅक्स आणि डीलरचा हिस्सा यांची फोडणी बसते. गुणाकार स्वतः करा आणि आकडा बघून एकदा पाणी प्या. कित्येकांचा हा एका महिन्याचा पगार आहे, काहींचा त्याहून जास्त. म्हणून काही साध्या गोष्टी :

• लोकलमध्ये, बसमध्ये किंवा गच्चीत वाजवणार असाल तर बॅटरी हा पहिला निकष. ईपी, एसपी, मूव्ह.

• गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करायचं असेल तर माइकची सोय बघा.

• हातात ताल असेल तर पॅडवाला, डोक्यात गणित असेल तर पायऱ्यांचा.

• सुरुवात जमते पण शेवट होत नाही, असं असेल तर एमपीसी. सुरुवातच होत नसेल तर ईपी किंवा मूव्ह.

• चांगले हेडफोन आधी. रात्री अकराला शेजारच्या काकूंना तुमचा बेस ऐकायचा नसतो.

आठ बारचा आजार

आता खरं दुखणं. या छंदातला सगळ्यात मोठा रोग म्हणजे आठ बारचा लूप. ठेका जमतो, बेस बसतो, मान डोलायला लागते आणि तिथेच सगळं थांबतं. फोल्डरमध्ये साठ लूप, गाणं एकही नाही. मग वाटतं, आपला डबाच कमी पडतोय. नवा डबा येतो. महिनाभर उत्साह. मग एकसष्टावा लूप.

यावर एक्स्चेंज ऑफर चालत नाही. दोन मिनिटांचं, सुरुवात आणि शेवट असलेलं एक गाणं पूर्ण करणं, हाच उपाय. वाईट झालं तरी चालेल, पण पूर्ण. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' केलं ते आयपॅडवर. हातात जे होतं, त्यावर गाणं संपवलं आणि लोकांपुढे ठेवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून एक शर्त. आधी मोबाइलवर 'कोआला' सारखं एखादं स्वस्त सॅम्पलर अ‍ॅप घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका. तीन आठवडे, रोज अर्धा तास. दोन मिनिटांचं एक गाणं संपवा आणि ते एका तरी माणसाला ऐकवा. करताना तुम्ही नेमके कुठे अडलात, ते एका कागदावर लिहून ठेवा. बोटं स्क्रीनवर घसरत होती? ट्रॅक कमी पडले? माइक वाईट होता? गाणं वाढतच नव्हतं?

तो कागद खिशात घालून मगच दुकानात जा. आणि कागद कोराच राहिला असेल, तर अभिनंदन, महिन्याचा पगार वाचला!